पॅथॉलॉजीची रात्रपाळी आणि शेवटची परीक्षा: नव्या जेआरसाठी (ज्युनिअर रेझिडेंटसाठी)

"पॅथॉलॉजी मिळालं? सुटलात! आता रात्री निवांत झोपा." ॲडमिशनच्या आठवड्यात मला हे तिघांनी ऐकवलं. त्यातला एक ऑर्थोला लागला होता, त्यामुळे त्याला माफ केलं. दीड महिन्यानंतर पहाटे तीन वाजता मी न्यूबॉअर चेंबरमध्ये पेशी मोजत बसले होते आणि तोच ऑर्थोवाला खिडकीशी दोन बॅगा रक्तासाठी उभा होता.

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी पॅथॉलॉजीला नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. डीएनबीवाल्यांनाही (नॅशनल बोर्डाची पदवी करणाऱ्यांना) यातलं बरंच लागू पडेल. बहुतेक नवे जेआर ड्यूटी आणि अभ्यास अशी दोन वेगळी खाती मांडतात. ड्यूटी उरकायची आणि मग वेळ मिळाला की परीक्षेचं वाचायचं. ही मांडणीच चुकते. तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या टेबलावर जे मांडून ठेवतात, त्यातलं जवळजवळ सगळं पहिल्या वर्षी रात्री दोन वाजता तुमच्या हाताखालून गेलेलं असतं. तेव्हा ते नीट पाहिलं होतं की नुसतं उरकलं होतं, ते परीक्षेत कळतं.

ड्यूटी नेमकी कशाची?

कॉलेजागणिक फरक असतो, पण साधारण तीन ठिकाणी नाव लागतं. पहिली इमर्जन्सी लॅब: सीबीसी (रक्तपेशींचे आकडे), स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर), मलेरिया, सीएसएफसारखे (मेंदू-मणक्यातलं पाणी) फ्लुइड, युरिन, कोॲग्युलेशन. दुसरी ब्लड बँक: ग्रुपिंग, क्रॉसमॅच (डोनरचं रक्त पेशंटला जुळतं का ते बघणं), बॅगा इश्यू करणं, रिॲक्शन आली तर तिचा तपास, रविवारी रक्तदानाचा कॅम्प. काही ठिकाणी ब्लड बँकेचा वेगळा विभाग आणि वेगळे रेझिडेंट असतात. तरी तुमची पोस्टिंग तिथे होतेच, कारण ती परीक्षेत आहे. तिसरी कॉलवर: अवेळी लागणारं फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच टिश्यू गोठवून करायची तपासणी) आणि ज्या कॉलेजात पॅथॉलॉजी विभाग ऑटोप्सी करतो तिथे ऑटोप्सी.

रोस्टर हातात आलं की आधी एक गोष्ट विचारून घ्या: रात्री अडलं तर फोन कोणाला करायचा? सीनिअर रेझिडेंटचा आणि ऑन-कॉल लेक्चररचा नंबर कागदावर लिहून ठेवा. ऐन वेळी मोबाइलची बॅटरी संपते, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या रात्रीच्या आधी

एखाद्या दुपारी लॅबमध्ये जाऊन टेक्निशियनबरोबर दोन तास बसा. मशीनचं स्टार्टअप आणि कंट्रोल कसे चालवतात, रीएजंट संपलं की कुठून आणायचं, सेंट्रिफ्यूजचं झाकण कुठल्या बाजूने अडकतं, हे सगळं पाहून घ्या. वीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेल्या टेक्निशियनला जे माहीत असतं ते कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. त्यांना सर किंवा मॅडम म्हणा, मामांना मामा म्हणा आणि चहा आला तर नाही म्हणू नका. रात्री तीनला क्रायोस्टॅट (टिश्यू गोठवून कापायचं मशीन) बंद पडला की हीच माणसं कामाला येतात.

स्लाइडवर लिहायला डायमंड पेन्सिल, एक छोटी वही आणि अंगावर घ्यायला काहीतरी, एवढं बॅगेत असू द्या. वहीबद्दल पुढे सांगते.

आणि सुई टोचली तर लाजू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढायच्या फंदात पडू नका, लगेच कॅज्युअल्टीत जाऊन नोंद करा. एचआयव्हीचं पीईपी (लागण टाळायची औषधं) दोन तासांच्या आत सुरू व्हावं हे उत्तम. बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. "सकाळी बघू" म्हणणारे मी पाहिलेत.

लॅबमधली रात्र

आधी बल्ब बघा, मग फॉर्म, मग मशीन. जांभळ्या बल्बमध्ये गुठळी आहे का, निळा बल्ब खुणेपर्यंत भरलाय का, लेबलवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एकच आहे का. दमलेला इंटर्न खिडकीशी उभा राहून आठवून आठवून लेबल लावायला लागला तर त्याला प्रेमाने परत पाठवा. क्रॉसमॅचच्या सॅम्पलला तर यात अजिबात सूट नाही. चुकीच्या माणसाचं रक्त बल्बमध्ये आलं तर पुढचं सगळं काम बिनचूक करूनही पेशंट दगावू शकतो.

रात्रीत हिमोग्लोबिन ११ वरून ५ वर आलं आणि पेशंट कुठे ब्लीड होत नाहीये, असं दिसलं तर वॉर्डला फोन करून विचारा, "सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलंत का?" दहात सात वेळा पलीकडे थोडी शांतता पसरते.

आता माझी चूक सांगते. ऑगस्ट महिना, डेंग्यूचे दिवस, लॅबमध्ये बल्बांचा ढीग. एका मुलाच्या प्लेटलेट मशीनने ११,००० दाखवल्या. क्रिटिकल व्हॅल्यू म्हणून मी तत्परतेने फोन केला, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि स्वतःवर खूश झाले. वॉर्डने चार आरडीपी (एकेका डोनरच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेटच्या बॅगा) मागवल्या, नातेवाईक डोनर शोधायला पळाले, पहाटेपर्यंत चारही बॅगा चढल्या. सकाळी विभागातल्या मॅडमनी स्मिअर लावला, टेनएक्सवर (दहापट लेन्सवर) थेट शेपटीकडे नेला आणि मला बोलावलं. शेपटीत प्लेटलेटचे झुबकेच्या झुबके होते. जांभळ्या बल्बमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मशीनला मोजता आल्या नव्हत्या. निळ्या बल्बमधलं सॅम्पल परत चालवलं तर लाखाच्या वर निघाल्या. मॅडम रागावल्या नाहीत. "स्मिअर का नाही बघितला?" एवढंच विचारलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून कमी प्लेटलेटचा फोन मी स्मिअर पाहिल्याशिवाय केलेला नाही. पद्धत सोपी आहे. आधी शेपटी आणि कडा टेनएक्सवर बघा. मग लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात अशा जागी ऑइल इमर्शनवर दहा फील्ड मोजा, सरासरी काढा आणि १५,००० ने गुणा. अंदाज येतो. सायट्रेटच्या निळ्या बल्बमध्ये रक्त थोडं पातळ होतं, म्हणून तिथल्या आकड्याला १.१ ने गुणायचं.

पावसाळ्यात स्मिअर लवकर वाळत नाही. दमट हवेत लाल पेशींवर चमकणारी भोकं पडतात, आणि नवा जेआर त्यांना पॅरासाइट समजून मलेरिया देऊन मोकळा होतो. फाइन ॲडजस्टमेंट हलवून बघा. चकाकणारी, फोकस बदलला की रूप पालटणारी गोष्ट आर्टिफॅक्ट असते. स्मिअर पंख्याखाली लगेच वाळवा, हे त्यावरचं औषध.

सीएसएफ आला की बाकीचं बाजूला ठेवा. त्यातल्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, भराभर फुटतात, म्हणून तासाभरात काउंट झालाच पाहिजे. न्यूबॉअर चेंबरचे नऊ मोठे चौकोन, प्रत्येकात ०.१ मायक्रोलिटर, म्हणजे एकूण ०.९. डायल्यूट न करता नऊ चौकोनांत ४५ पेशी मिळाल्या तर ४५ भागिले ०.९, म्हणजे मायक्रोलिटरला ५०. हे गणित मी मुद्दाम पूर्ण मांडलं, कारण परीक्षेत एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) हमखास विचारतात, "या आकड्याने का गुणलं?" आणि फॉर्म्युला पाठ केलेला विद्यार्थी तिथेच गप्प होतो.

स्मिअरवर ब्लास्ट (ब्लड कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या कच्च्या पेशी) दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्यातही दाण्यांनी गच्च भरलेले प्रोमायलोसाइट आणि त्यांत सुईसारख्या ऑअर रॉडच्या जुड्या दिसल्या, तर रात्री कितीही वाजलेले असोत, सीनिअरना उठवा आणि वॉर्डला कळवा. एपीएलमध्ये (या पेशींच्या ब्लड कॅन्सरमध्ये) पेशंट ब्लीडिंगने जातो, आणि त्यावरचं औषध एट्रा नुसत्या संशयावरही सुरू करतात. तुमच्या एका फोनने उपचार काही तास आधी सुरू होतात. फोन कोणी घेतला त्याचं नाव आणि वेळ लिहा, आणि आकडा त्यांच्याकडून परत वदवून घ्या.

ब्लड बँकेचा फोन

"प्लेटलेट पाहिजेत." "किती?" "दहा." हा संवाद तुम्ही पहिल्याच पावसाळ्यात ऐकाल. नाही म्हणायचं नाही आणि मुकाट देऊनही टाकायच्या नाहीत. तीन प्रश्न विचारायचे: काउंट किती, ब्लीडिंग आहे का, काही प्रोसिजर ठरली आहे का? ब्लीडिंग नसेल तर डेंग्यूत साधारण १०,००० च्या वर प्लेटलेट देऊन फारसा फायदा नाही. एका आरडीपीने काउंट ५ ते १० हजारांनी वाढतो, एका एसडीपीने (मशीनवर एकाच डोनरकडून घेतलेल्या प्लेटलेटच्या बॅगेने) ३० ते ६० हजारांनी. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात. आज उगाच दिलेली बॅग परवा खरोखर गरज असलेल्याला मिळत नाही, हे समोरच्या रेझिडेंटला शांतपणे सांगितलं तर तो ऐकतो. तोही दमलेलाच असतो.

लेबर रूममधून पीपीएचचा (बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा) फोन आला की मात्र प्रश्नोत्तरं बंद. वेळेचा हिशेब डोक्यात पक्का हवा: ग्रुपिंग पाच-दहा मिनिटं, इमिजिएट स्पिन क्रॉसमॅच आणखी तेवढाच वेळ, कूम्ब्सपर्यंतचा (लाल पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टपर्यंतचा) पूर्ण क्रॉसमॅच पाऊण ते एक तास. तेवढं थांबता येत नसेल तर ग्रुप जुळणारी बॅग, किंवा ग्रुपच माहीत नसेल तर ओ निगेटिव्ह पीसीव्ही (लाल पेशींची बॅग), क्रॉसमॅचशिवाय देता येते. त्यासाठी मागणाऱ्या डॉक्टरची लेखी सही घ्या आणि बॅग गेल्यावर मागे क्रॉसमॅच पूर्ण करा. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह डोनर मोजकेच, त्यामुळे ओ निगेटिव्हचा साठा ड्यूटी घेतानाच मोजून ठेवा. कमी असेल तर ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर आजूबाजूच्या बँकांचा साठा बघा, आणि फोन करून खात्री करा.

रिॲक्शन कळवली तर क्रम असा: ट्रान्सफ्यूजन थांबवा, लाइन सलाइनवर चालू ठेवा, पेशंट, बॅग आणि फॉर्म यांची नावं-नंबर परत जुळवा. बॅग सेटसकट परत मागवा, ताजे ईडीटीए आणि प्लेन बल्ब आणि पहिली युरिन घ्या. लॅबमध्ये आधीचा आणि नंतरचा सीरम शेजारी शेजारी धरून रंग बघा, डायरेक्ट कूम्ब्स करा, ग्रुप आणि क्रॉसमॅच दोन्ही सॅम्पलवर परत लावा. ताप-थंडी जास्त असेल तर बॅगेचं कल्चर. बऱ्याचदा शेवटी साधी ॲलर्जिक किंवा फेब्राइल रिॲक्शन निघते, पण ती तशी आहे हे यातून गेल्यावरच म्हणता येतं.

इथे एक गोष्ट मुंबईची. पेशंट ओ निघतो आणि शेल्फवरची एकही ओ बॅग त्याला जुळत नाही. अशा वेळी टेक्निशियनवर किंवा अँटिसेरावर संशय घेण्याआधी रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ओ सेल लावले होते का ते बघा. ओ सेलही गुठळी धरत असतील आणि अँटी-एच लेक्टिनला (लाल पेशींवरचं एच अँटिजन ओळखणाऱ्या रीएजंटला) पेशंटच्या पेशी दाद देत नसतील, तर तुमच्या हातात बॉम्बे ब्लड ग्रुप आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो पहिल्यांदा मुंबईत ओळखला आणि 'लॅन्सेट'मध्ये मांडला, म्हणून हे नाव. या माणसाला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं. महाराष्ट्रात शिकून व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हे आलं नाही तर एक्स्टर्नलना खरंच वाईट वाटतं.

खिडकीबाहेरच्या नातेवाइकांशी बोलणं हेही कामच आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद, कॅम्प कमी, रक्ताची टंचाई, आणि समोर बाप उभा. "नाही" एवढंच म्हणून खिडकी लावली की भांडण होतं. कुठला ग्रुप, किती बॅगा, कुठे फोन केलाय, किती वेळ लागेल हे सांगितलं की माणूस वाट बघतो.

फ्रोझन

रात्री क्वचित येतं. आलं तर टिश्यू कोरडा किंवा सलाइनमधल्या गॉजवर यायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये आला तर फ्रोझनचा बेत तिथेच संपला, म्हणून ओटीला आधीच बजावून ठेवा. क्रायोस्टॅट उणे २० च्या आसपास, आणि टिश्यू हातात आल्यापासून वीस मिनिटांत उत्तर, हे उद्दिष्ट. जेआर-१ ने उत्तर द्यायचं नसतं. तुमचं काम टिश्यूचं वर्णन, नीट सेक्शन आणि स्टेन. ओटीतून फोन आला तरी "मॅडम बघतायत" एवढंच बोला.

थिसिस: पहिल्या सहा महिन्यांत

विषय निवडताना आधी विभागाची मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं चाळा. वर्षाला जेमतेम चार केस येणाऱ्या ट्यूमरवर साठची सॅम्पल साइझ लिहून दिलेली माणसं तिसऱ्या वर्षी काय करतात ते मी पाहिलंय. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्याशिवाय केस घ्यायला सुरुवात करू नका. परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस जमा व्हावा लागतो, आणि तीन महिने डिस्ट्रिक्ट रेझिडेन्सीत जातात, म्हणजे हातात वाटतो त्याहून बराच कमी वेळ असतो. जिल्हा रुग्णालयातले ते तीन महिने मात्र वाया गेले असं समजू नका. मशीन बंद असताना हाताने काम करायला मी तिथेच शिकले.

परीक्षा कशी असते

एमडी परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. थिअरीचे चार पेपर, प्रत्येकी १०० गुण, तीन तास. पहिल्यात जनरल पॅथॉलॉजी, इम्युनोपॅथॉलॉजी आणि सायटॉलॉजी (सुट्या पेशींची तपासणी), दुसऱ्यात सिस्टेमिक, तिसऱ्यात हिमॅटॉलॉजी, ब्लड बँक आणि लॅब मेडिसिन, चौथ्यात रिसेंट ॲडव्हान्सेस. २०२३ च्या पीजी नियमांनुसार प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के, चारही मिळून किमान ५० टक्के, आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळे ५० टक्के लागतात. डीएनबीत थिअरी पास झाल्यावरच प्रॅक्टिकलला बोलावतात.

थिअरीबद्दल फार लिहीत नाही. उत्तरात चित्र किंवा तक्ता असू द्या, वर्गीकरण सध्याच्या डब्ल्यूएचओ आवृत्तीप्रमाणे लिहा, आणि शेवटच्या प्रश्नाला पंधरा मिनिटं राखा. अक्षर वाईट असेल तर ते सुधारायला तीन वर्षं आहेत.

प्रॅक्टिकलला चार परीक्षक असतात, त्यांतले दोघे बाहेरचे. टेबलावर साधारण हे येतं: हिस्टोपॅथॉलॉजीच्या, सायटॉलॉजीच्या आणि हिमॅटॉलॉजीच्या स्लाइड्स, हिस्टरीसकट एक हिमॅटॉलॉजी केस, युरिन किंवा फ्लुइड, ब्लड बँकेचा एक एक्सरसाइझ, ग्रॉसिंग (ऑपरेशनमध्ये काढलेला नमुना डोळ्यांनी तपासून कापणं), ऑटोप्सीचे अवयव, ब्लॉक कापून एच अँड ई स्टेन, आणि व्हायवा.

इथे वहीचा विषय येतो. ड्यूटीवर जे वेगळं दिसलं ते दोन ओळींत लिहायचं: तारीख, सापडलं काय, चुकलं काय, दुसऱ्या दिवशी वाचलं काय. पेशंटचं नाव लिहायचं नाही. माझ्या वहीत तीन वर्षांत दीडशेच्या वर नोंदी झाल्या, आणि शेवटच्या महिन्यात जाडजूड पुस्तकांपेक्षा मी तीच जास्त वाचली.

शेवटचे सहा महिने

रोज वीस स्लाइड्स बघा, पण बघण्याची शिस्त पाळा. आधी स्लाइड नुसत्या डोळ्यांनी उजेडात धरा, मग स्कॅनर, मग टेनएक्स, मग वर चढा. थेट फोर्टीएक्सवर उडी मारणारा विद्यार्थी परीक्षकाला लांबून ओळखू येतो. निदानाखाली दोन कारणं आणि एक डिफरन्शियल लिहायची सवय लावा. निदान चुकलं तरी कारणांना गुण मिळतात.

मशीनमुळे जी कामं रोज करत नाही ती मुद्दाम हाताने करा. युरिनमध्ये प्रोटीनसाठी हीट टेस्ट: टेस्टट्यूबचा फक्त वरचा भाग तापवा, म्हणजे खालचा भाग तुलनेला राहतो. गढूळपणा आला की ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाका. विरला तर फॉस्फेट होते, राहिला तर प्रोटीन. बेनेडिक्ट, रोथेरा, फूशे (साखर, कीटोन आणि बिलिरुबिनच्या टेस्ट) यांचंही तसंच. वॉर्डात आता स्ट्रिप वापरतात, एक्स्टर्नल मात्र टेस्टट्यूबच पुढे करतात. मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉनचा सेक्शन काढायला हिस्टोच्या टेक्निशियनकडे महिनाभर रोज अर्धा तास बसा. रिबन वाकडी गेली की मागे उभा परीक्षक काही बोलत नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट.

ते दिवस

परीक्षेच्या आदल्या रात्री ड्यूटी लागू नये म्हणून महिनाभर आधी रोस्टर करणाऱ्याशी बोलून ठेवा, आणि स्वतः जेआर-२ असताना जेआर-३ साठी हेच करा.

हिमॅटॉलॉजी केसमध्ये आधी कागदावरचे सीबीसीचे आकडे वाचा, स्मिअर करून लिशमन स्टेन लावा, आणि आकडे आणि स्लाइड जुळतात का ते तपासा. माझ्या केसमध्ये प्लेटलेटचा आकडा कमी दिला होता. मी सवयीने शेपटीकडे गेले. तिथे झुबके नव्हते, आकडा खरा होता, आणि मी तेही रिपोर्टात लिहिलं: "क्लम्प नाहीत." एक्स्टर्नलनी त्या ओळीवर बोट ठेवलं, "हे का लिहिलंस?" विचारलं. मी ऑगस्टची गोष्ट सांगितली. पुढची दहा मिनिटं ते त्यांच्या रेझिडेन्सीतल्या चुका सांगत होते.

क्रॉसमॅचच्या एक्सरसाइझला घाई करू नका. ट्यूबवर आधी लिहा, मग थेंब टाका. निगेटिव्ह दिसलं तरी मायक्रोस्कोपखाली बघा, आणि बघताय हे परीक्षकाला दिसू द्या. ऑटोप्सीच्या अवयवाला हात लावायच्या आधी वजन आणि मापं. व्हायव्हात माहीत नसेल तर "सर, माहीत नाही" म्हणा. पुढचा प्रश्न सोपा येतो. थापा मारल्या तर त्याच विषयावर खोदत नेतात.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळं संपलं की हॉस्टेलवर पळू नका. विभागातून लॉगबुकवरच्या उरलेल्या सह्या, लायब्ररीचं नो-ड्यूज आणि थिसिसची प्रत त्याच दिवशी घ्या. निकालानंतर सरकारी सेवेच्या बाँडच्या वर्षासाठी पोस्टिंग कुठे येईल सांगता येत नाही, आणि एका सहीसाठी गडचिरोलीहून परत येणारा माझा बॅचमेट अजूनही त्या प्रवासाबद्दल बोलतो.